चोवीस पटींचा हिशेब

दप्तरखान्यातले रुमाल सोडून कागद पाहण्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्या हाती मायक्रोफिशचा ताव प्रथमच आला म्हणजे तो कागदही वाटत नाही आणि छायाचित्रही वाटत नाही. पोस्टकार्डाहून किंचित मोठा, १०५ बाय १४८ मिलिमीटरचा एक पारदर्शक तुकडा. त्याच्या माथ्यावर नुसत्या डोळ्यांनी वाचता येईल अशी शीर्षकाची ओळ, आणि तिच्याखाली सात ओळी व चौदा स्तंभ यांत बसविलेली, नखाएवढी ९८ पाने. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्लीतील कार्यालयाने कितीतरी भारतीय प्रकाशने याच रूपात उतरवून ठेविली. पण ती वाचण्याची यंत्रे आता मोडकळीस आली असून, खास फिशसाठी बनविलेल्या स्कॅनरची किंमत लाखांच्या घरात असल्यामुळे, लहान ग्रंथालयास किंवा घरी शे-दोनशे ताव बाळगणाऱ्या अभ्यासकास दुसरी वाट शोधणे भाग पडते.

सर्वांना प्रथम सुचते ती वाट म्हणजे फिल्म वाचणाऱ्या साध्या सपाट स्कॅनरची, आणि बहुतेकांचे पैसे बुडतात तेही येथेच. फिशवरील पान सामान्यतः चोवीस पटींनी लहान केलेले असते. म्हणून मूळ पानाच्या इंचामागे ३०० बिंदू हवे असतील, तर फिशच्या इंचामागे ७२०० बिंदू टिपले गेले पाहिजेत. खोक्यावर ६४०० हा आकडा दिमाखाने छापलेला असला, तरी अशा स्कॅनरच्या भिंगाची खरी कुवत पुष्कळदा २४०० च्या आसपासच असते. म्हणजे मूळ पानाच्या वाट्याला इंचामागे शंभर बिंदू येतात. एवढ्यावर इंग्रजी मजकूर कसाबसा लागेल, परंतु देवनागरीतील अनुस्वार नाहीसे होतात, रफार शिरोरेखेत विरतो, आणि ‘ष’ की ‘प’ हे वाचणाऱ्याने संदर्भावरून ठरवायचे!

त्यापेक्षा २४ मेगापिक्सेलचा जुना कॅमेरा आणि वस्तूचे जेवढ्यास तेवढे चित्र घेणारे मॅक्रो भिंग ही जोडी अधिक इमानी होय. असल्या कॅमेऱ्याचा सुमारे २३.५ मिलिमीटर रुंदीचा संवेदक ६००० बिंदू टिपतो. हिशेब केल्यास मूळ पानाच्या इंचामागे २७० बिंदू पडतात, आणि एका चित्रात शेजारची दोन पाने मावतात. मॅक्रो भिंग परवडत नसेल, तर एखाद्या बंद पडलेल्या फोटोस्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत धूळ खात पडलेला एन्लार्जर मिळवावा : त्याचा खांब कॅमेऱ्याचा आधार होतो, आणि त्याचे भिंग जोडनळ्यांच्या साहाय्याने कॅमेऱ्यावर बसते. खाली दुधी पृष्ठभागाची एलईडी पेटी. तीवर काळ्या कागदाची चौकट, म्हणजे फालतू उजेड भिंगात शिरत नाही. कॅमेरा व पेटी समांतर आहेत की नाहीत हे पाहण्यास पेटीवर छोटा आरसा ठेवावा. भिंगाचे प्रतिबिंब चित्राच्या बरोबर मध्यभागी दिसले की झाले. ताव कडेने धरावा, मंद दिसणारी बाजू वर ठेवावी. अक्षरे उलटी आली तर संगणक ती सुलटी करतो. बटण मात्र बोटाने न दाबता टायमरवर सोपवावे, कारण एवढ्या जवळून बोटाचा कंपही चित्रात उतरतो.

१८७०–७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला असता, दाग्रों या फ्रेंच छायाचित्रकाराने सूक्ष्म केलेले संदेश कबुतरांच्या शेपटीस बांधून शहरात येत, ते पडद्यावर मोठे करून दाखविले जात आणि कारकून ते उतरून घेत. काटकसरीच्या मार्गात आपणही ते कारकूनच असतो. एका तावास ४९ चित्रे, शंभर तावांस ४,९०० : यंत्रात वाचलेला पैसा असा वेळेच्या खाती नावे पडतो. म्हणून प्रत्येक तावाचे पहिले चित्र शीर्षकाच्या ओळीचेच घ्यावे, आणि फाइलीच्या नावात ताव, ओळ व स्तंभ यांचे क्रमांक त्याच दिवशी घालावेत. उद्यावर टाकलेली ही यादी कधीच होत नाही. टेसेरॅक्ट ही मोफत प्रणाली मराठी मजकूर ओळखते, पण कोणते पान कुठले हे तिला ठाऊक नसते.

कामाचा क्रम विषयावरून लावण्याचा मोह होतो. त्याआधी पाकिटे उघडून वास घ्यावा. व्हिनेगरसारखा आंबूस दर्प येत असेल, तर तो ॲसिटेटचा ताव कुजू लागला आहे. असे ताव इतरांपासून वेगळे काढावेत, आणि पाळी प्रथम त्यांची लावावी.