बिअरच्या पिंपातील वायुदाबाचे व्यवस्थापन : गोटी सोड्याच्या अनुषंगाने एक विवेचन

प्रस्तावना :

लासुर्णे व परिसरातील गावजत्रांत गोटी सोड्याच्या गाडीभोवती आजही गर्दी जमते. हा वायू पाण्यात राहतो कसा आणि बाहेर पडतो केव्हा, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. वर्गात हेन्रीचा नियम शिकविताना प्रस्तुत लेखकास असे आढळले की, विद्यार्थी दाबाचा आकडा पाठ करतात आणि त्यापुढे तापमान लिहावयाचे विसरतात. उत्तरपत्रिकेत ही चूक एका गुणाची असते. वायू भरलेल्या पिंपाजवळ ती महागात पडते. घरगुती बिअरच्या पिंपाचे उदाहरण घेऊन या नियमाचे व्यावहारिक रूप स्पष्ट करण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. अमेरिकेत मात्र १९७८ च्या कायद्याने घरगुती वापरासाठी मर्यादित प्रमाणात बिअर तयार करण्यास मुभा मिळाली आणि तेथे हा छंद फोफावला.

सोडा व बिअर यांचे नाते :

सोड्याचा जन्मच बिअरच्या हौदावर झाला. इंग्लंडमधील लीड्स येथे जोसेफ प्रीस्टले यांच्या घराशेजारी बिअरचा कारखाना होता. आंबणाऱ्या द्रवावर साचणारा कार्बन डायऑक्साईड पाण्यात मिसळून त्यांनी १७६७ च्या सुमारास फसफसणारे पाणी तयार केले व १७७२ मध्ये त्याची कृती प्रसिद्ध केली. पुढे हायरम कॉड यांनी १८७२ मध्ये गोटीच्या बाटलीचे पेटंट घेतले. आतील वायूच गोटीला रबरी कडीवर दाबून धरतो, म्हणजे ज्याला कोंडावयाचे तोच पहारेकरी! पुण्याच्या लष्कर भागातील अर्देशीर यांचा सोडा १८८४ पासूनचा आहे. अमेरिकेतील हौशी मंडळी वापरतात ते सुमारे १९ लिटरचे पोलादी पिंपही मुळात शीतपेयांच्या व्यवसायातील होय. तेथे ते मागे पडल्यावर बिअरसाठी वापरात आले.

दाब आणि तापमान :

हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, ठरावीक तापमानास द्रवात विरघळणारा वायू त्या वायूच्या दाबाच्या प्रमाणात असतो. ‘ठरावीक तापमानास’ हे शब्दच महत्त्वाचे. साधारण वातावरणीय दाबाखाली एक लिटर पाण्यात शून्य अंशाला सुमारे १.७ लिटर कार्बन डायऑक्साईड विरघळतो. ३० अंशांना जेमतेम ०.६६ लिटर.

बिअरमध्ये सामान्यतः तिच्या आकारमानाच्या अडीच पट वायू अपेक्षित असतो. पंक्चरच्या दुकानात ज्याला आपण ‘पौंड’ म्हणतो त्या मापाने, ४ अंशांना त्यासाठी सुमारे १२ पौंड दाब पुरतो. २० अंशांना सुमारे २८, तर ३० अंशांना चाळिसाच्या आसपास पौंड लागतात. तापमान ३० अंश असताना दाब १२ पौंडांवरच ठेवला, तर पेयात अपेक्षेच्या निम्माही वायू राहत नाही. तेव्हा ‘किती पौंड?’ या प्रश्नाला ‘किती अंशांना?’ हेच पहिले उत्तर होय.

योग्य दाब लावूनही वायू लगेच विरघळत नाही. स्थिर पिंपाला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. द्रव घुसळला की वायूशी त्याचा संपर्क वाढतो व काम लवकर होते. गोटी सोडा भरणारा बाटल्यांसह यंत्र गरागरा फिरवतो त्याचे हेच कारण.

फेसाचा प्रश्न :

तोटीतून नुसता फेस येऊ लागला की नवशिक्या दाब कमी करतो. हा उपाय उलटा पडतो. दाब उतरताच नळीतच बुडबुडे सुटू लागतात, फेस वाढतो आणि काही दिवसांत पिंपातील पेय बेचव होते. दाब समतोलावर ठेवून तो तोटीपर्यंत हळूहळू खर्च करावयाचा असतो. त्यासाठी सुमारे ५ मिलिमीटर आतील व्यासाची, तीनेक मीटर लांब नळी वापरतात. घर्षणाने दाब उतरतो व धार संथ येते. नळी व तोटी थंड नसली तर मात्र कितीही लांब नळी उपयोगी पडत नाही.

सिलिंडरचे वर्तन :

स्वयंपाकाच्या गॅसची शेगडी टाकी रिकामी होत येईपर्यंत नीट जळते. म्हणून गृहिणी टाकी हलवून पाहते. कार्बन डायऑक्साईडही टाकीत द्रवरूपात असतो. २० अंशांना टाकीतील दाब सुमारे ५७ बार असतो व द्रव संपेपर्यंत तो तेवढाच राहतो. शिल्लक जाणून घ्यावयाची तर वजन करावे. दाबमापक सांगत नाही.

हे झाले पाठ्यपुस्तकातील वर्णन. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीस अंशांवर जातो आणि या वायूचे क्रांतिक तापमान ३१ अंश आहे. त्यापलीकडे टाकीत द्रव उरतच नाही आणि पूर्ण भरलेल्या टाकीतील दाब शंभर बारच्याही पुढे जाऊ शकतो. बिअरच्या पिंपाची सहनशक्ती साधारण ९ बार असते. दाबनियंत्रकाशिवाय टाकी पिंपाला जोडणे म्हणजे स्फोटाला निमंत्रण. टाकी उन्हात ठेवू नये, उभी बांधून ठेवावी. आणि कुकरची वाफ जाऊ दिल्याशिवाय झाकण काढत नाहीत, तसा पिंपाचा दाब झडपेतून पूर्ण सोडल्याशिवाय त्याचे झाकण उघडू नये.

गळतीचा धोका :

स्फोटाचा आवाज तरी होतो. गळती गुपचूप होते. पाच किलो वायू खोलीच्या तापमानास पावणेतीन घनमीटरच्या आसपास जागा व्यापतो. दहा फूट लांब, रुंद व उंच अशा बंद खोलीत तो सुटला, तर हवेतील त्याचे प्रमाण सुमारे १० टक्के होईल. एवढ्या प्रमाणात माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. हा वायू हवेच्या दीडपट जड असल्याने जमिनीलगत साचतो. विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची रीत आपल्याकडे आहे. पण या वायूच्या बाबतीत ती पुरेशी नाही. १० टक्के कार्बन डायऑक्साईड असलेल्या हवेत ज्योत जळत राहू शकते. म्हणून टाकी तळघरात वा बंद खोलीत न ठेवता, जमिनीलगत हवा खेळेल अशा जागी ठेवावी आणि आत कोणी पडलेले दिसल्यास दारे उघडून हवा खेळती होईपर्यंत मदतीसाठीही आत धावू नये.