दोन कड्यांचे दार

घरात एखाद्याला कॅन्सर झाला की नातेवाईक विचारू लागतात, 'हा रोग यांच्या रक्तातच आहे का?' मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असतील तर घरचे लोक आजार लपवून ठेवतात. याच प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील एका डॉक्टरने लहान मुलांच्या डोळ्यांच्या रोगात शोधले. ते आपल्या वाचक बंधुभगिनींनी समजून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहरी, एम. डी. अँडरसन रुग्णालयात डॉ. आल्फ्रेड नुडसन काम करीत. रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याचा कॅन्सर झालेल्या ४८ मुलांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. दोन्ही डोळ्यांत रोग असलेल्या मुलांना तो लवकर झाला होता. एकाच डोळ्यात असलेल्या बहुतेकांना तो उशिरा झाला होता. याचे कारण त्यांनी १९७१ साली मांडले.

पेशीच्या वाढीला आवर घालणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती आपल्याला मिळतात, एक आईकडून व एक वडिलांकडून. दाराला दोन कड्या असाव्यात, तशा त्या असतात. एक तुटली तरी दुसरी दार धरून ठेवते. दोन्ही तुटल्या की पेशी बेसुमार वाढू लागते. काही मुलांना एक कडी जन्मतःच तुटलेली मिळते. त्यांच्या डोळ्यातील असंख्य पेशींपैकी एखादीत दुसरी तुटली की पुरे. इतर मुलांत एकाच पेशीतील दोन्ही कड्या तुटाव्या लागतात, म्हणून त्यांना हा रोग क्वचित होतो. तेराव्या गुणसूत्रावरील हे जनुक अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी १९८६ साली वेगळे करून दाखविले.

मोठ्या माणसांच्या बहुतेक कॅन्सरमध्ये असे बिघाड आयुष्यभर एकामागून एक साचत जातात, आणि तंबाखूचा धूर त्यांत भर घालतो. वारशाने आलेल्या दोषामुळे होणारे कॅन्सर शंभरात सुमारे पाच ते दहाच असतात.

तेव्हा एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बाळाच्या फोटोत डोळ्याची बाहुली पांढरी चमकली किंवा डोळा तिरळा दिसू लागला, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. वेळीच उपचार झाले तर बहुतेक मुले वाचतात. घराण्यात हा रोग पूर्वी झाला असेल तर बाळाच्या जन्माआधीच डॉक्टरांना सांगावे. आईवडिलांपैकी एकात हा दोष असल्यास तो प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून अशा बाळाचे डोळे पहिल्या काही आठवड्यांपासूनच तपासतात. लोक काय म्हणतील या भीतीने जो आजार आपण लपवितो, त्याची किंमत आपल्याच लेकरांना मोजावी लागते.