घरोघरची यंत्रे : लेखांक ७ : छत्रीची पेटी आणि घरचे वायफाय

गतांकात छपरावर छत्री बसविण्याचा विधी सांगून झाला असल्यामुळे आता तिच्याखालच्या पेटीस घरातील वायफायशी जोडण्याचा प्रश्न हाती घेतो, आणि उदाहरणादाखल नृसिंहवाडीतील एखादे जुने घर डोळ्यांपुढे ठेवतो. कारण जाड भिंती आणि पावसाळ्यात चढणारे कृष्णा-पंचगंगेचे पाणी, या दोन्ही गोष्टींचा या प्रश्नाशी निकट संबंध आहे.

दूरदर्शनच्या फ्री डिशचे कार्यक्रम ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येतात, तो विषुववृत्ताच्या वर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर स्थिर भासतो. वाडीहून त्याचे स्थान आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ६१ अंश वर पडते. तेथून उतरणाऱ्या सुमारे ११ गिगाहर्ट्झच्या लहरी छत्रीच्या तोंडाशी असलेला एलएनबी हजार-दोन हजार मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आणून केबलीतून पेटीकडे धाडतो. हा सारा व्यवहार एकमार्गी आहे. पेटीला आकाशाचे सर्व काही ऐकू येते, परंतु उलट काही मागण्याची मुभा तिला नाही. ती मुभा वायफायने मिळते, आणि मग यूट्यूबवरील भजन अथवा पेटीच्या प्रणालीची नवी आवृत्ती तिला मागवून घेता येते. ज्यांना केवळ सह्याद्री वाहिनी आणि बातम्या पाहावयाच्या आहेत, त्यांनी या उपद्व्यापात न पडलेले बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पेटीत वायफाय मुळातच नसेल तर मागील यूएसबीच्या खाचेत डोंगल लावावा लागतो, आणि बहुतेकांची फसगत येथेच होते. कारण दुकानातील कोणताही डोंगल चालत नाही, ज्या चिपची ओळख पेटीच्या प्रणालीत आधीच घातलेली असते तोच चालतो. स्वस्त पेट्यांत बहुधा आरटी ५३७० किंवा एमटी ७६०१ या चिपांचीच दखल घेतली जाते. तेव्हा खरेदीपूर्वी माहितीपत्रक पाहावे. हे दोन्ही प्रकार २.४ गिगाहर्ट्झवरच बोलतात, म्हणून राउटरने केवळ ५ गिगाहर्ट्झचे जाळे चालू ठेवले असेल, तर पेटीच्या यादीत आपल्या घराचे नाव दिसणारच नाही. नाव दिसल्यावर परवलीचा शब्द रिमोटने एकेक अक्षर वेचून भरावयाचा; त्यात लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा भेद पाळावा लागतो, याचे स्मरण असावे.

जाड दगडी भिंत या लहरींना पुष्कळ अडविते. राउटर ओसरीवर आणि पेटी आतल्या माजघरात असेल, तर मध्ये नेटवर्कची तार ओढणे हा वायफायहून कितीतरी खात्रीचा बंदोबस्त होय, मात्र पेटीस त्यासाठी खाच हवी. २००५, २०१९ व २०२१चे महापूर ज्यांनी पाहिले, त्यांना राउटर माळ्यावर ठेवण्याचे कारण सांगावयास नको.

आता तक्रारींविषयी. मुसळधार पावसात चित्र फुटू लागले की लोक राउटर बंद करून पुन्हा चालू करतात, आणि इंटरनेट गेले की भर पावसात छपरावर चढून छत्री फिरवतात. वस्तुतः पहिल्या प्रसंगी पावसाचे थेंब आकाशातील लहरी शोषीत असतात, आणि दुसऱ्या प्रसंगी छत्रीचा काडीमात्र दोष नसतो. ‘सिग्नल नाही’ हा हुकूम छपराचा आणि ‘नेटवर्क नाही’ हा राउटरचा, एवढा निवाडा आधी करावा.

तथापि हे दोन मार्ग एका ठिकाणी एकमेकांत गुंततात. पुष्कळ स्वस्त पेट्यांत घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते. तारीख व वेळ त्या उपग्रहाच्या प्रवाहातून घेतात. वीज गेली, परत आली, पण पावसामुळे उपग्रह दिसत नाही, अशा वेळी पेटी कारखान्यात भरलेल्या जुन्याच तारखेवर उभी राहते. आणि यूट्यूबसारखे संकेतस्थळ आपल्या ओळखीचा जो मुदतबंद दाखला पुढे करते, तो त्या तारखेच्या हिशेबाने अद्याप अंमलात आलेलाच नसल्यामुळे पेटी तो नाकारते. वायफाय जोडलेले दिसते, पासवर्ड बरोबर असतो, तरी काही उघडत नाही. अशा वेळी मेनूतील वेळेच्या रकान्यात जाऊन उपग्रहाकडून वेळ घेण्याची तजवीज बंद करावी, आजची तारीख हाताने भरावी आणि पुन्हा प्रयत्न करावा.