अद्भुतरम्य चित्रपटांतील ग्रंथ आणि ग्रंथालये

अद्भुतरम्य चित्रपटांत ग्रंथ हा पुष्कळदा केवळ वाचनाचे साधन नसून कथानकातील एक पात्र असतो. तो बोलतो, विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देतो, वाचकाला आपल्या कथेत ओढून घेतो, अथवा अयोग्य हाती पडल्यास अनर्थ घडवितो. अशा ग्रंथांचे संग्रहस्थान म्हणून ग्रंथालयालाही या चित्रपटांत गूढ वास्तूचे रूप येते. मराठी चित्रपटांत जादूचे ग्रंथालय फारसे आढळत नाही. मात्र मराठीतील सर्वांत प्रसिद्ध अद्भुत ग्रंथ, म्हणजे इंद्रायणीत बुडवूनही तरलेली तुकारामांची गाथा, प्रभात फिल्म कंपनीच्या 'संत तुकाराम' (१९३६) या चित्रपटातील एका मध्यवर्ती प्रसंगाचा विषय आहे.

पाश्चात्त्य चित्रपट

हॅरी पॉटर मालिकेतील पहिल्या चित्रपटात (२००१) शाळेच्या ग्रंथालयाचा एक विभाग विद्यार्थ्यांना निषिद्ध असतो. हॅरी रात्री तेथे शिरून एक ग्रंथ उघडतो, तेव्हा तो ग्रंथ किंचाळतो. दुसऱ्या चित्रपटात (२००२) लिहिणाऱ्याला उलट उत्तर देणारी दैनंदिनी आहे. मिखाएल एंडे यांच्या जर्मन कादंबरीवरील 'द नेव्हरएंडिंग स्टोरी' (१९८४) या चित्रपटात शाळेच्या माळ्यावर पुस्तक वाचत बसलेला मुलगा अखेर त्याच पुस्तकातील कथेचा भाग होतो. 'द ममी' (१९९९) या चित्रपटाची नायिका ग्रंथपाल आहे आणि तिने मोठ्याने वाचलेल्या मजकुराने मृत पुरोहित जागा होतो.

कुलूपबंद वा साखळीने बांधलेल्या ग्रंथाची कल्पना निव्वळ काल्पनिक नाही. मध्ययुगीन युरोपात मौल्यवान ग्रंथ चोरीच्या भीतीने फळीला साखळदंडाने जखडून ठेवीत. इंग्लंडमधील हेरफर्ड येथील कॅथेड्रलमध्ये असे ग्रंथालय आजही पाहावयास मिळते. हॅरी पॉटर चित्रपटांतील ग्रंथालयाच्या दृश्यांसाठी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातील ड्यूक हम्फ्री यांच्या नावाचे जुने दालन वापरण्यात आले.

पोथी आणि फलश्रुती

महाराष्ट्रातील जुना ग्रंथ साखळीत नव्हे, तर बासनात असे. सुटी पाने, वरखाली लाकडी फळ्या आणि भोवती कापड अशी ही पोथी देवघरात ठेवली जाई. ती एकट्याने मनात वाचण्यापेक्षा मोठ्याने वाचण्याची आणि इतरांनी ऐकण्याची वस्तू होती. तिचे सामर्थ्य 'फलश्रुती'त सांगितलेले असते. म्हणजे कोणत्या पठणाने कोणते फळ मिळेल, याचे आश्वासन पोथीतच दिलेले असते. मालू कवीची 'नवनाथ भक्तिसार' (शके १७४१, इ. स. १८१९) ही चाळीस अध्यायांची पोथी याचे ठळक उदाहरण होय. कर्जत तालुक्यातील मिरजगाव ज्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात मढी येथे कानिफनाथांची समाधी असल्याने नाथकथा या भागाला परक्या नाहीत. मच्छिंद्रनाथांच्या स्त्रीराज्यातील वास्तव्याची कथा प्रभातच्या 'माया मच्छिंद्र' (१९३२) या चित्रपटातून पडद्यावर आली.

'संत तुकाराम' (१९३६)

तुकारामांनी वेदांचा अर्थ प्राकृतात सांगितला आणि तोही शूद्र असून, हा रामेश्वरभट्टांचा आक्षेप होता. त्यांच्या आज्ञेवरून अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या. तुकाराम नदीकाठी शिळेवर अन्नपाण्यावाचून तेरा दिवस बसून राहिले आणि वह्या कोरड्याच वर आल्या, अशी कथा आहे. प्रसंगाचे उल्लेख तुकारामांच्या आणि त्यांच्या शिष्या बहिणाबाई यांच्या अभंगांत येतात. त्याला विस्तृत आख्यानाचे रूप दिले ते राहुरी तालुक्यातील ताहराबादचे महिपती (१७१५–१७९०) यांनी. तुकारामांनी याच नदीत पूर्वी आपल्या वाट्याची कर्जाची खते बुडविली होती, असेही परंपरा सांगते. ती मात्र वर आल्याचे कोणी म्हणत नाही.

विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाची पटकथा शिवराम वाशीकर यांची, संगीत केशवराव भोळे यांचे आणि तुकारामांची भूमिका विष्णुपंत पागनीस यांची आहे. चित्रपटातील सालोमालो हा तुकारामांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवितो आणि तेवढ्याने भागत नाही असे दिसताच रामेश्वरशास्त्रींना देहूस आणतो. वह्या बुडविल्यावर तुकाराम कुटुंबासह नदीकाठी उपोषणास बसतात आणि तेराव्या दिवशी देव वह्या परत देतो. पाश्चात्त्य चित्रपटांत बंदी बहुधा वाचकावर असते आणि नायक ती मोडतो. येथे बंदी लिहिणाऱ्यावर आहे आणि तो ती मोडत नाही. आज्ञा पाळून नदीकाठी बसून राहतो. या ग्रंथात कोणताही मंत्र नाही, तो कोणाला श्रीमंत करीत नाही, त्याचे पान उघडल्याने काही घडत नाही. न बुडणे एवढाच त्याचा चमत्कार. त्या काळच्या तंत्रातील चमत्कारदृश्ये आज साधी वाटतात. या प्रसंगाचे बळ मात्र तंत्रावर अवलंबून नाही.

चित्रपट मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात ५७ आठवडे चालला आणि १९३७ च्या व्हेनिस चित्रपट महोत्सवात उत्कृष्ट तीन चित्रपटांत गणला गेला.

वह्या लोकांच्या मुखातून तरल्या, असा या कथेचा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. तुकारामांचे लेखनिक मानले जाणारे संताजी जगनाडे यांच्या वह्या वि. ल. भावे यांनी पुढे आपल्या आवृत्तीसाठी आधारभूत धरल्या. मुंबई सरकारच्या साहाय्याने सिद्ध झालेली गाथेची आवृत्ती १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत इंदुप्रकाश छापखान्यातून निघाली. अरुण कोलटकर यांच्या २००३ मधील कवितासंग्रहाचे नाव 'भिजकी वही' असे आहे.

ग्रंथाविना मंत्र

महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला' (१९९३) या चित्रपटात तात्या विंचू हा गुन्हेगार मांत्रिकाकडून मृत्युंजय मंत्र मिळवितो आणि मरताना त्याच मंत्राने बाहुल्यात शिरतो. ही विद्या पोथीतून नव्हे, तर तोंडातून कानात जाते. इंग्रजी चित्रपटात या जागी बहुधा जुना कातडी बांधणीचा ग्रंथ आला असता.

याच मौखिक परंपरेचा एक गमतीदार प्रत्यय 'संत तुकाराम' चित्रपटाने दिला. त्यातील 'आधी बीज एकले' हे पद चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी रचले होते. तरी ते तुकारामांचेच समजून अनेकांनी गाथेत त्याचा शोध घेतला.