बी.एस्सी.चं पहिलं पुस्तक कोणतं घ्यायचं?

दिवाळीच्या तोंडावर डिंडोलीहून ताईचा फोन आला. "तुझी भाची म्हणते बी.एस्सी. सोडते, पुढच्या वर्षी बी.कॉम.ला जाते. तू इंजिनियर ना, जरा बोल तिच्याशी." बारावीला फिजिक्समध्ये चांगले मार्क आणणारी पोरगी चार महिन्यांत एवढी का घाबरली, ते कळेना. रविवारी गेलो.

टेबलावर दोन पुस्तकं होती. एक हॅलिडे-रेस्निक-वॉकर, हजारावर पानांचा ठोकळा. दाजी पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कामाला आहेत, त्यांनी ओव्हरटाइमच्या पैशांतून घेतलेला. पानं कोरी करकरीत. दुसरं पातळ गाईड, वापरून फाटलेलं. "मोठं पुस्तक का उघडत नाहीस?" तर म्हणाली, "मामा, एका पानाला अर्धा तास लागतो. आणि शेवटी काय वाचलं तेच आठवत नाही."

हे मला ओळखीचं होतं. बी.ई.च्या पहिल्या वर्षी मीही 'आयएमपी'च्या झेरॉक्सवर पास होत गेलो आणि मॅथ्समध्ये बॅकलॉग लावून घेतला. तेव्हा वाटायचं, आपलं डोकंच कमी.

तिची भानगड थोडी वेगळी होती. आपल्या सुरत महानगरपालिकेच्या शाळा सात माध्यमांतून चालतात. ती आठवीपर्यंत लिंबायतच्या मराठी शाळेत, मग बारावीपर्यंत गुजरातीत आणि आता इंग्रजीत. म्हणजे आधी शिकली 'त्वरण', मग तेच 'प्रवेग' झालं, आता ॲक्सिलरेशन. 'संवेग'चं 'वेगमान' झालं, आता मोमेंटम. संकल्पना तीच, नावं तीन. मी तिला वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने पाडायला लावले. चाळीसेक शब्द झाल्यावर म्हणाली, "अरे, हे तर येतं मला!" आपल्याकडच्या किती घरांत अशी मुलं असतील.

मग पुस्तकाकडे वळलो, आणि पहिली चूक मीच केली. माझं लाडकं पुस्तक तिच्या गळ्यात मारलं: फाइनमनची लेक्चर्स. १९६१ ते ६३ दरम्यान त्यांनी कॅल्टेकच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना दिलेली ही व्याख्यानं आज इंटरनेटवर फुकट वाचता येतात. चार दिवसांनी तिचा मेसेज आला: "छान आहे, पण गणित सोडवता येत नाही." बरोबर आहे. मी ती वाचली नोकरी लागल्यावर, परीक्षेची भीती नसताना. मुलांना त्यांचा कितपत उपयोग झाला, याबद्दल खुद्द फाइनमननीच प्रस्तावनेत शंका व्यक्त केली आहे.

याच फाइनमनना १९६४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या शाळांसाठी गणिताची पुस्तकं निवडणाऱ्या समितीत घेतलं होतं. तीन भागांतल्या एका संचाचा शेवटचा भाग छापूनच झाला नव्हता, म्हणून प्रकाशकाने नुसत्या कोऱ्या पानांना कव्हर घालून पाठवलं. तरी काही सभासदांनी त्यालाही मार्क दिले होते! 'सगळे हेच घेतात' म्हणून पुस्तक घेणारे आपण तरी काय वेगळं करतो?

पुढच्या रविवारी आम्ही एकच विषय तीन पुस्तकांत वाचायचं ठरवलं. विषय तिनेच निवडला, तिला सगळ्यात अवघड वाटणारा: उतारावरून घरंगळणाऱ्या वस्तू. हॅलिडेत अकरावा धडा. एच. सी. वर्मांच्या 'कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स'च्या पहिल्या भागात दहावा. आणि ओपनस्टॅक्सच्या 'युनिव्हर्सिटी फिजिक्स'च्या पहिल्या खंडात अकरावा. ओपनस्टॅक्स हा अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचा उपक्रम, पुस्तकं मोबाइलवर फुकट मिळतात आणि हवा तेवढा धडा छापूनही घेता येतो. नियम एकच ठेवला: वाचून झालं की पुस्तक मिटायचं आणि एक प्रश्न स्वतः सोडवायचा.

प्रश्न होता: भरीव सिलिंडर आणि कडं एकाच उतारावरून सोडलं तर आधी खाली कोण पोचेल? ताईची बांगडी आणि रिमोटचा सेल घेतला. पाटाखाली तोच हॅलिडेचा ठोकळा लावून उतार केला. (दाजींचे पैसे तेवढे तरी वसूल झाले.) भाची म्हणाली बांगडी, कारण ती मोठी. सेल जिंकला. पाच वेळा सोडलं, पाचही वेळा सेलच. हॅलिडे वाचून तिला समीकरण कळलं, कारण नाही. वर्मांचं इंग्रजी सोपं, वाक्यं छोटी, सोडवलेली उदाहरणं भरपूर. तिथे गाडी हलली. ओपनस्टॅक्सच्या आकृत्यांवरून तिने स्वतः मांडलं: भरीव सिलिंडरचं त्वरण घसरणाऱ्या वस्तूच्या दोन तृतीयांश, कड्याचं निम्मं. आकार, वजन दोन्ही उत्तरातून गळून जातात. हे कळल्यावर ती दोन मिनिटं गप्पच बसली.

तिचा निर्णय असा झाला: आधी वर्मा, अडलं तर ओपनस्टॅक्स. हॅलिडे ठेवून द्यायचा, पुढच्या वर्षी परत बघायचा. पुस्तक वाईट अजिबात नाही, १९६० पासून जगभर शिकवलं जातंय. तिच्यासाठी ते पहिलं पुस्तक नव्हतं, एवढंच. केमिस्ट्रीसाठी सीनियरकडून जुनी आवृत्ती घेतली. पहिल्या वर्षाचं विज्ञान आवृत्तीगणिक फारसं बदलत नाही, गणितांचे क्रमांक तेवढे बदलतात, म्हणून होमवर्कचे प्रश्न मैत्रिणीच्या पुस्तकावरून ताडून घ्यायचे.

इंटर्नलमध्ये मेकॅनिक्सला जेमतेम मार्क पडले. पण बी.कॉम.चा विषय ताईने काढला, तर म्हणाली, "दुसरं सेमिस्टर बघू दे आधी." गाईड अजून आहेच, परीक्षेच्या आदल्या रात्री लागतं म्हणे. आणि ताईची बांगडी तिच्या कंपासपेटीत आहे, ती काही परत मिळालेली नाही.