तेवीस नमाजांची ईद

बकरी ईदची बातमी दरवर्षी बोकडापासून सुरू होते. बाजारात आवक किती, कोणत्या बोकडाला काय भाव लागला, याची चर्चा आठ दिवस आधीच रंगते. सणाच्या दिवशी ईदगाह मैदानावरच्या गळाभेटीचा फोटो छापून येतो आणि दुसऱ्या दिवशी विषय संपतो. ज्या वाक्यावर हा सण उभा आहे, ते मात्र बातमीत कुठेच सापडत नाही. ते कॅमेऱ्यात दिसत नाही, कानांनीच ऐकावं लागतं.

जिलहज्ज महिन्याच्या नवव्या तारखेची पहाटेची नमाज झाली की मराठवाड्यातल्या कन्नड गावच्या मशिदींत ते पहिल्यांदा उमटतं: ‘अल्लाहु अकबर, अल्लाहु अकबर, ला इलाह इल्लल्लाहु वल्लाहु अकबर, अल्लाहु अकबर व लिल्लाहिल हम्द.’ अल्लाह सर्वांत मोठा, त्याच्याशिवाय दुसरा उपास्य नाही आणि सगळी स्तुती त्याचीच. याला ‘तकबीर-ए-तशरीक’ म्हणतात. तेराव्या तारखेच्या असरपर्यंत, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजेपर्यंत, प्रत्येक फर्ज (अनिवार्य) नमाजेनंतर ते म्हणायचं असतं. नऊ ते बारा या चार दिवसांच्या वीस नमाजा आणि तेराव्या दिवसाच्या तीन, अशा एकूण तेवीस. ईदची खास नमाज सकाळी उरकते आणि कुर्बानी तीन दिवसांत होते. तकबीर मात्र पाच तारखांना व्यापून असते. सणाचा खरा विस्तार मोजायचा तर या तेवीस नमाजांनीच मोजावा, असं मला वाटतं.

कन्नड हे शिवना नदीकाठचं तालुक्याचं गाव, छत्रपती संभाजीनगरपासून साठेक किलोमीटरवर. उत्तरेला औट्रम घाट उतरला की चाळीसगाव, म्हणजे खानदेश. दक्षिणेला वेरूळ आणि त्यापलीकडे खुलताबाद. १३३७ साली वारलेले सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब तिथे विसावले आहेत. १७०७ साली औरंगजेबालाही तिथेच दफन केलं गेलं. त्याच्या कारकिर्दीत शेख निजाम बुऱ्हानपुरी यांच्या देखरेखीखाली विद्वानांनी हनफी फिकहचा, म्हणजे इमाम अबू हनीफांच्या धर्मशास्त्र-परंपरेचा, ‘फतावा-ए-आलमगिरी’ हा मोठा ग्रंथ सिद्ध केला. दोन्ही ईदच्या नमाजांचं प्रकरण संपता संपता त्यात या तकबिरीचे मसले, म्हणजे नियम, दिलेले आहेत. औरंगजेबाबद्दल मराठी मनात काय आहे ते सांगायला नको. पण मराठवाड्यातला मुसलमान बहुतांशी हनफी आहे आणि त्याच्या मशिदीत आजही जे मसले सांगितले जातात, ते याच परंपरेतले आहेत. एरवी अनेक बाबतींत एकमेकांपासून दूर असणाऱ्या देवबंदी आणि बरेलवी पंथांचं या ठिकाणी एकमत आहे. देवबंदी अशरफ अली थानवींचं ‘बहिश्ती जेवर’ उघडा किंवा बरेलवी अमजद अली आजमींचं ‘बहार-ए-शरीअत’ उघडा, तेवीसचा हिशेब तोच.

कोकणात मात्र चाल बदलते. कोकणी मुसलमान शाफई, म्हणजे फिकहच्या दुसऱ्या परंपरेतले. त्यांच्याकडे ही तकबीर वाजिब (आवश्यक) नव्हे, सुन्नत (पैगंबरांची रीत) मानली जाते आणि सुरुवातीचं ‘अल्लाहु अकबर’ दोनदा नव्हे, तीनदा येतं. ईदच्या नमाजेत हनफींच्या सहा जादा तकबिरा, तर शाफईंच्या बारा: पहिल्या रकातीत (नमाजेच्या आवर्तनात) सात, दुसरीत पाच. एकाच महाराष्ट्रात, एकाच सकाळी, दोन वेगळ्या लयी कानांवर पडतात.

मशिदीतला तो क्षण जवळून पाहण्यासारखा असतो. इमाम उजवीकडे मान वळवून सलाम फिरवतो, मग डावीकडे. एरवी इथे शांतता असते, ओठांतल्या ओठांत दुआ सुरू होते. या पाच दिवसांत तसं होत नाही. दुसरा सलाम पुरा होताच पहिल्या सफेतून, म्हणजे रांगेतून, कुणीतरी आवाज उचलतो आणि पाठोपाठ सगळी मशीद एका सुरात म्हणते. म्हाताऱ्यांचे खर्जातले आवाज, शेवटच्या सफेतल्या पोरांचे चिरके आवाज. एकदाच म्हणायचं, पुरुषांनी मोठ्यानं म्हणायचं आणि जागेवरून उठण्याआधी, कुणाशी बोलण्याआधी म्हणायचं. उठून बाहेर गेलात की वेळ गेली. सुटलेली नमाज पुढे कजा म्हणून पढता येते, सुटलेल्या तकबिरीला तशी सोय नाही. जो उशिरा येऊन मध्येच सामील झाला, त्यानं आधी आपल्या राहिलेल्या रकाती पुऱ्या करायच्या आणि मग एकट्यानं तकबीर म्हणायची.

इमामच विसरला तर? मागच्यांनी थांबायचं नाही, आपण सुरू करायचं. या नियमामागे हनफी ग्रंथांतली एक सुंदर हकिकत आहे. बाराव्या शतकातल्या मर्गिनानींच्या ‘हिदाया’त ती येते. इमाम अबू हनीफांचे शिष्य अबू यूसुफ अरफाच्या दिवशी, म्हणजे नवव्या तारखेला, मगरिबची (सूर्यास्तानंतरची) नमाज पढवत होते. सलाम फिरवला आणि तकबीर विसरले. मागे नमाजींत खुद्द गुरू उभे होते. त्यांनी टोकलं नाही, रागावले नाहीत, फक्त तकबीर म्हणाले. मला यात शिष्याची चूक सावरून घेण्यापेक्षा आणखी एक गोष्ट मोठी वाटते: एवढा मोठा इमाम आपल्याच विद्यार्थ्याच्या मागे नमाजेला उभा होता.

याच गुरुशिष्यांत तकबिरीवरून मतभेदही होता. अबू हनीफांच्या मते ती आठच नमाजांपुरती, दहाव्या तारखेच्या असरपर्यंत. तीही शहरातल्या, जमाअतीनं (एकत्र जमून) पढलेल्या नमाजेनंतर. अबू यूसुफ आणि मुहम्मद या शिष्यांचं म्हणणं वेगळं: जो कुणी फर्ज नमाज पढेल त्यानं ती म्हणावी. तो खेड्यातला असो, प्रवासी असो, एकटा असो. बाई असेल तर हळू आवाजात. पुढच्या पिढ्यांनी फतवा शिष्यांच्या मताप्रमाणे दिला. शेकडो वर्षांपूर्वीचा हा निवाडा २०२० आणि २०२१ साली महाराष्ट्रात फार उपयोगी पडला. कोरोनामुळे ईदगाह बंद होते आणि नमाज घरीच पढा असं सरकारनं सांगितलं होतं. जमाअत नाही म्हणून तकबीर थांबवायचं कारण उरलं नाही, कारण ती केव्हाच घरात, एकट्या माणसापाशी येऊन पोचलेली होती.

बायकांच्या हळू आवाजाबद्दल थोडं अधिक बोलायला हवं. दख्खनमध्ये अल्लाहचं नाव घेणाऱ्या बाईची परंपरा जुनी आहे. जात्यावर दळताना गायचे ‘चक्कीनामे’ सूफींनी दखनीत रचले आणि दळणाच्या फेऱ्यांत जिक्र, म्हणजे अल्लाहचं नामस्मरण, गुंफला. रिचर्ड ईटन या इतिहासकारानं १९७४ साली त्यावर लिहिलं आहे. जात्यावरची ओवी ज्या मुलखात पिकली, त्याच मुलखात हेही पिकलं. सणावरच्या लिखाणात मात्र बाई येते ती बिर्याणीपुरती.

कुर्बानी सगळ्यांवर नसते. साडेबावन्न तोळे चांदीइतकी, म्हणजे सुमारे ६१२ ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी मालमत्ता गरजेपलीकडे ज्याच्याकडे आहे, त्याच्यावर ती वाजिब. हातावर पोट असलेल्या हमालावर किंवा ऊसतोडीला जाणाऱ्यावर ती बहुधा नसते. तकबिरीला मालमत्तेची अट नाही. बोकडावरून सणाची श्रीमंती मोजणाऱ्यांच्या हातून अर्धी वस्ती निसटते ती इथेच.

ही तकबीर बाजारातलीही आहे. इब्न उमर आणि अबू हुरैरा हे पैगंबरांचे सहवासी जिलहज्जच्या पहिल्या दहा दिवसांत बाजारात जाऊन तकबीर म्हणत आणि लोक त्यांच्या मागून म्हणत, अशी नोंद इमाम बुखारींनी केली आहे. खलिफा उमर मक्केजवळच्या मिनाच्या तंबूत म्हणत, मशिदीतले लोक ऐकून म्हणत, मग बाजार म्हणे आणि सगळं मिना दुमदुमे. ईदगाहला जाताना वाटेत तकबीर म्हणत जावं आणि परतताना वाट बदलावी, ही रीतही जुनीच. आणि ईदचा बाजार एकट्या मुसलमानांचा नसतो: आपल्याकडे ज्या वर्षी ईद मृगाच्या आगेमागे येते, त्या वर्षी उस्मानाबादी बोकड विकून आलेल्या पैशात बी-बियाणं घेणारं शेतकऱ्याचं घर हिंदूही असतं.

मराठी गावानं तकबीर ऐकली ती मात्र ईदपुरतीच नाही, मुलाण्याच्या तोंडूनही. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’त मुलाण्याचं काम नोंदलेलं आहे. गावात बकरं कापायचं तर मुलाणी हवा. ‘बिस्मिल्लाह, अल्लाहु अकबर’ म्हणून तो सुरी फिरवी आणि आपला हक्काचा वाटा घेई. अनेक गावांत नवसाचं बकरंसुद्धा त्याच्याच हातचं लागे. या शेजाराची साक्ष साहित्यातही आहे: पैठणच्या संत एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिला, त्यात दोघं एकमेकांच्या धर्मावर तुटून पडतात आणि शेवटी एकमेकांना भेटतात. भांडणाइतका शेजार आधी असावाच लागतो.

हा शेजार नेहमीच गोड नव्हता. मराठवाड्यातल्या जुन्या पिढीनं ‘अल्लाहु अकबर’ हेच शब्द निजामी राजवटीतल्या रझाकारांच्या घोषणांतही ऐकले होते आणि ती भीती खोटी नव्हती. आजच्या पिढीनं ते टीव्हीवर स्फोटांच्या आणि दंगलींच्या दृश्यांमागे ऐकले. म्हणूनच ते नमाजेनंतर, रोजच्या आवाजात, शेजारच्या मशिदीतून ऐकायला हवेत. घोषणा समोर उभ्या माणसाला उद्देशून दिली जाते. सलामानंतरच्या या तकबिरीत समोर कोणी शत्रू नसतो. म्हणणारा स्वतःला लहान म्हणवून घेत असतो. कुर्बानीचं मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोचत नाही, पोचते ती तुमची निष्ठा, असा कुरआनच्या बाविसाव्या सूरेतल्या एका आयतीचा आशय आहे. आणि त्याच आयतीत अल्लाहची थोरवी गाण्याबद्दलही सांगितलं आहे.

जिलहज्ज हा महिना मराठीला परका नाही. शिवकाळातल्या आणि पेशवाईतल्या मोडी कागदांवर ‘जिल्हेज’ महिन्याच्या तारखा पडलेल्या आहेत. मुस्लिम महिना चंद्रदर्शनानं सुरू होतो, म्हणून दहावी तारीख, म्हणजे बकरी ईद, नेहमी शुद्ध दशमी-एकादशीच्या आसपासच येते. हिजरी वर्षाला अधिक महिना नाही, म्हणून ते पंचांगाच्या महिन्यांतून मागे मागे सरकत जातं. आणि जिलहज्ज जेव्हा आषाढात येतो, तेव्हा बकरी ईद आषाढी एकादशीला येऊन भिडते. २०२१ साली एकादशी २० जुलैला होती आणि ईद २१ला. २०२२ साली दोन्ही १० जुलैला. २०२३ साली दोन्ही २९ जूनला.

२०२३ साली राज्यात अनेक ठिकाणच्या मुसलमानांनी ठरवलं की एकादशीला कुर्बानी करायची नाही. शरीअतीत त्याला वाव होता, कारण हनफी मतानं कुर्बानी दहा, अकरा आणि बारा यांपैकी कोणत्याही दिवशी होते. नमाज त्याच सकाळी झाली, कुर्बानी पुढे ढकलली गेली. तकबीर मात्र एका नमाजेपुरतीही पुढे ढकलावी लागली नाही. विठ्ठलाच्या उपवासाच्या दिवशी त्या गावांतली बकरी ईद बोकडाशिवाय साजरी झाली आणि तरी ती पुरती ईदच होती.

त्यानंतर श्रावण अधिक आला आणि जिलहज्ज ज्येष्ठात सरकला. ईद आणि आषाढीचा असा योग पुन्हा यायला साधारण बत्तीस-तेहतीस वर्षं लागतात, म्हणजे आता तो २०५० नंतरच्या दशकात येईल. तेव्हा सणाआधीच्या शांतता समितीच्या बैठकीला बसणारी माणसं आज शाळेत आहेत. म्हणून कन्नडच्याच नव्हे, गावोगावच्या मशिदींच्या विश्वस्तांना, इमामांना, वारकऱ्यांना आणि पत्रकारांना एक विनंती. २०२३ साली आपल्या गावात कोण कुणाकडे गेलं, काय बोलणं झालं, कुठे अडलं आणि कसं सुटलं, ते तारखेनिशी लिहून ठेवा. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, पण कागदावर आणा.