तुटलेली तार
रोजच्या जगण्यातले ध्यान : भाग ७

भिवंडीत ध्यानाचा विषय निघाला की बोट गणेशपुरीकडे जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. तालुक्यातच, शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, तानसा नदीच्या काठी गरम पाण्याची कुंडे आहेत. केरळातले नित्यानंद स्वामी १९३६च्या सुमारास तिथे स्थिरावले आणि ८ ऑगस्ट १९६१ रोजी तिथेच समाधिस्थ झाले. पुढे त्यांचे शिष्य मुक्तानंद यांच्या आश्रमामुळे गावाचे नाव अमेरिकेपर्यंत पोचले. पण या शेजाराने आपल्या डोक्यात एक वाटणी पक्की करून ठेवली आहे : शांतता तिकडे, लूम, म्हणजे यंत्रमाग, इकडे. सुट्टीच्या दिवशी जायचे, कुंडात अंग शेकायचे, समाधीपुढे डोळे मिटून बसायचे आणि संध्याकाळी एसटीने खडखडाटात परत यायचे. गेल्या दोन भागांत आसन आणि श्वास यांविषयी लिहिले. त्यानंतरचा स्वाभाविक प्रश्न असा की, बसले की मन पळते, मग हे आपल्याला जमणारच नाही का? माझे म्हणणे असे की प्रश्नच उलटा धरला आहे. मन किती वेळ टिकले यावर ध्यान मोजायचे नसते. ते सुटल्याचे किती लवकर कळले आणि किती कमी गाजावाजा करून परत आणले, यावर मोजायचे असते. आणि हे समजून घ्यायला गणेशपुरीपेक्षा लूमचा कारखाना जास्त उपयोगी पडतो.

धोट्याच्या साध्या लूमवर धागा दोन प्रकारे तुटतो. आडवा धागा, म्हणजे बाणा, तुटला किंवा कांडी संपली तर लूम आपणहून थांबते. कडेला एक छोटा काटा असतो. त्याला धाग्याचा अडसर लागला नाही की दांडा सुटतो आणि यंत्र बंद पडते. उभ्या धाग्याचे, ताण्याचे, तसे नाही. बीमवर तारा हजारांनी असतात. त्यातली एक तुटली तर जुन्या लूमला त्याचा पत्ताही नसतो. धोटा धावत राहतो, कापड गुंडाळले जात राहते, फक्त त्यात एक बारीक उभी रेघ पडत जाते, आणि कारागिराची नजर जाईपर्यंत ती वीतभराची हातभर होते. कारागीर एकाच लूमपाशी उभा नसतो. चार, सहा, कधी त्याहून जास्त लूमच्या मधल्या गल्लीत त्याची पाळीभर ये-जा चालू असते. तार दिसली की तो लूम थांबवतो, मागे जाऊन तुटलेले टोक शोधतो, त्याला जोड देऊन गाठ मारतो, टोक वईच्या डोळ्यातून आणि फणीच्या फटीतून ओढून घेतो आणि लूम पुन्हा चालू करतो. गाठ बारीक आणि चपटी लागते. जाड मारली तर ती वईत नाहीतर फणीत अडकते आणि तीच तार पुन्हा तुटते.

मनही या दोन्ही प्रकारे तुटते. भांडण झाले, वाईट बातमी आली की सगळे यंत्रच थांबते आणि काहीतरी बिघडले हे आपल्याला कळतेच. त्यासाठी साधना लागत नाही. खरी गोम ताण्याची आहे. हात काम करतात, तोंड बोलते, गाडी चालते, आणि आत एक तार केव्हाच सुटलेली असते : कालचा अपमान, उद्याचा हप्ता, मुलाची फी. कापड निघत राहते, म्हणून काही बिघडले असे वाटत नाही. ही दुसरी तूट दिसण्याचा सराव म्हणजे ध्यान. आणि परत येताना स्वतःला लावलेला बोल, 'पुन्हा भरकटलो, माझ्याच्याने काही होत नाही', ही जाड गाठ. मन तिलाच अडकते आणि पुढची पाच मिनिटे त्या पश्चात्तापातच जातात. दृष्टांत याहून ताणत नाही. विचार येणे हा काही कापडातल्यासारखा दोष नव्हे.

हे म्हणणे माझ्या पदरचे नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन तक्रार करतो की मन वाऱ्यासारखे आहे, ते आवरायचे कसे. श्रीकृष्ण त्याला खोटे पाडत नाहीत. मन चंचल आहे हे मान्य करून ते अभ्यास आणि वैराग्य या दोन गोष्टी सांगतात, आणि त्याआधीच सांगून ठेवलेले असते की ते जिथे जिथे जाईल तिथून तिथून परत आणावे. म्हणजे जाणार हे गृहीतच आहे. १२९० साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत याच जागी ज्ञानेश्वर आणखी सैल हात ठेवतात. एक नियम आत बाळगावा. चित्त ठरले तर उत्तम, नाही तर मोकळे सोडावे, जाईल तिथून तो नियमच त्याला घेऊन येईल आणि अशाने स्थैर्याची सवय लागेल, असा त्यांचा आशय आहे. 'सवय' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. सवय चमत्काराने लागत नाही, वारंवारतेने लागते. आणि परत येण्याची सवय लागायची तर आधी जाणेही वारंवार घडले पाहिजे.

प्रयोगशाळेतही हेच दिसले. अमेरिकेतल्या वेंडी हेसनकॅम्प आणि सहकाऱ्यांनी २०१२मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १४ अनुभवी साधकांना मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात वीस मिनिटे श्वासावर लक्ष ठेवायला सांगितले होते. मन भटकल्याचे ध्यानात आले की एक बटण दाबायचे, एवढेच काम. मुरलेल्या साधकांनाही ते पुन्हापुन्हा दाबावे लागले. संशोधकांनी त्यातून एक चक्र मांडले : भटकणे, कळणे, वळणे, टिकणे आणि पुन्हा भटकणे. कळण्याच्या क्षणी मेंदूचे जे भाग जागे होतात ते भटकतानाच्या भागांपेक्षा वेगळे असतात. बटण दाबावे लागणे म्हणजे नापास होणे नव्हे. त्या वीस मिनिटांतले कामाचे क्षण तेच होते.

इथे पहिला आक्षेप येतो. मग वेगळे बसायचेच कशाला? सावता माळ्यांना मळ्यातच विठ्ठल दिसला, कबीर मागावर बसून गात होते. काम हेच ध्यान. ऐकायला गोड आहे, पण बहुतेकांच्या बाबतीत खरे नाही. किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या संशोधकांनी २०१०मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २२५० प्रौढांना दिवसभरात अवचित वेळी फोनवरून विचारले की आत्ता काय करता आहात आणि मन कुठे आहे. जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हते, आणि अशा वेळी माणसे कमी आनंदी होती. सरावाचे, एकसुरी काम मनाला बांधून ठेवत नाही, उलट मोकळे सोडते. भिवंडीलगतच्या मानकोली-काल्हेरच्या गोदामात हातातले स्कॅनर दिवसभर वाजत राहते म्हणून कुणी जागा होत नाही. परत यायला शिकण्यासाठी असा थोडा वेळ लागतो जेव्हा परत येण्याखेरीज दुसरे काम नसते. तो दहा मिनिटांचाही चालेल.

याच आक्षेपाची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. तेरच्या गोरा कुंभारांची कथा सर्वांना ठाऊक आहे : नामात रंगून माती तुडवताना रांगते मूल पायाखाली आले आणि त्यांना कळले नाही. कथेत पुढे देव मूल परत देतो. भक्तीच्या पराकोटीची कथा म्हणून तिचे स्थान मी नाकारत नाही. पण परंपरेने तिच्यातली भीषणता पुसून टाकली नाही, याकडेही पाहावे. रंगून जाणे आणि जागे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फिरत्या पट्ट्याजवळ, उडणाऱ्या धोट्याजवळ रंगून जाणे परवडत नाही. म्हणून लूमवर उभे असताना डोळे मिटून मंत्र घोळवा, असे मी कुणालाही सांगणार नाही. तिथे ध्यान म्हणजे लूमच. आवाजातला बदल, ताण्यावरची नजर, आपल्या बोटांची जागा.

दुसरा आक्षेप कामगार चळवळीतला माणूस घेईल, आणि त्याने तो घ्यायलाच हवा. बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी, भिस्सीतले, म्हणजे कामगारांच्या खाणावळीतले, जेवण आणि दहाजणांची खोली; अशा माणसाला ध्यान शिकवणे म्हणजे सोसायला शिकवणे नव्हे का? ध्यान जर ही परिस्थिती बदलण्याच्या जागी सांगितले जात असेल, तर आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे. लूमच्या खात्यातला आवाज नव्वद डेसिबलच्या वर जातो. त्याने कानाची जी हानी होते ती श्वास पाहून भरून निघत नाही; त्यासाठी कानात बोळे, यंत्राची देखभाल आणि कमी तास लागतात. ध्यानाच्या गुणांचीही फुगवाफुगवी नको. २०१४मध्ये अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात ४७ चाचण्यांचा आणि सुमारे साडेतीन हजार सहभागींचा एकत्र आढावा आला. चिंता, उदासी आणि वेदना यांत मध्यम प्रतीचा पुरावा असलेला, पण माफक फायदा दिसला; व्यायाम किंवा औषधे यांपेक्षा ध्यान सरस असल्याचे दिसले नाही. एवढेच आहे. पण सोसणे आणि दिसणे यांत फरक असतो. बधिर झालेला माणूस जास्त सोसतो. ज्याला आपली तार कुठे तुटली ते दिसते, तो निदान नेमकी तक्रार करू शकतो.

वेळेचा प्रश्न उरतो. भिवंडीच्या बाहेरून जाणारा नाशिक महामार्गच पुढे इगतपुरीला पोचतो, जिथे सत्यनारायण गोएंका यांनी १९७६मध्ये विपश्यनेचे केंद्र उभे केले. दहा दिवसांच्या शिबिराला फी नाही, पण दहा दिवसांची मजुरी बुडते हा हिशेब कारागीर बरोबर करतो. त्याच परंपरेतले एक उदाहरण मात्र त्याच्या उपयोगाचे आहे. गोएंकांचे गुरू ऊ बा खिन ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते. त्यांनी नोकरी सोडली नाही, आपल्या कचेरीतच कर्मचाऱ्यांना ध्यान शिकवले. आणि इतके लांब तरी कशाला जायचे? लूमच्या या शहरात दिवसातून पाच वेळा अजान होते. नमाज ही इबादत आहे, तिला ध्यानाचे तंत्र म्हणणे चुकीचे ठरेल. पण दिवसाची ती ठेवण पाहण्याजोगी आहे. एका बैठकीत तासभर नव्हे, तर ठरल्या वेळी थोडे थोडे, पुन्हा पुन्हा परतणे.

अशी एक वेळ तर इथे कुणी न ठरवताही मिळते. लाइट गेली की अख्ख्या गल्लीतली लूम एकदम थांबतात, आणि कानात तो आवाज बराच वेळ घुमत राहतो. बहुतेक हात खिशातल्या फोनकडे जातात. लाइट आली तरी जाणता कारागीर लगेच लूम चालू करत नाही. वीज गेली तेव्हा धोटा अर्ध्या वाटेत ताण्यातच अडकलेला असू शकतो, आणि तसेच चालू केले तर एका झटक्यात शेकडो तारा जातात. तो आधी वाकून धोटा पेटीत बसलाय का ते बघतो, ताण्यावरून नजर फिरवतो, मग दांडा ओढतो.

(पुढील भाग : रात्रपाळी आणि बसल्यावर येणारी झोप)